आमच्या वाडीत कधी दरड आली नाही!

डोंगरातल्या कोणत्याही वाडीत जावे आणि तिथल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारावे, "आजोबा, हा वरचा डोंगर कधी खाली आला होता का हो?" बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते. "छे! माझ्या जन्मात नाही. माझ्या आज्यानंही कधी सांगितलं नाही." आजोबा खोटे बोलत नसतात. त्यांनी सत्तर-पंचाहत्तर पावसाळे त्याच डोंगराखाली काढलेले असतात.

आणि तरीही दर काही वर्षांनी अशीच एखादी वाडी मातीखाली जाते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव सकाळीच गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री ढिगाऱ्याखाली गेली. तिथे २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत.

मग आजोबांचा अनुभव खरा मानायचा की या घटना? दोन्ही खऱ्या आहेत. त्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे नीट समजले तर डोंगराळ तालुक्यातल्या आपत्तींची जोखीम कशी मोजतात हेही समजेल. आणि ते समजणे शिक्षकांसाठी विशेष गरजेचे आहे, असे आम्हांला वाटते. का, ते शेवटी पाहू.

एक तालुका समोर ठेवू

उदाहरणासाठी आपण महाड तालुकाच घेऊ. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग, मधे रायगडासारखे सुटे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी व उतारांवर विखुरलेल्या वाड्या. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. म्हणजे महाडच्या पुराचे पाणी फक्त महाडच्या पावसाचे नसते, वरच्या घाटातले पाणीही तिथेच येते. खालून भरती चढत असेल, तर त्या पाण्याला समुद्राकडे जायलाही वेळ लागतो.

या तालुक्याच्या वाट्याला कायकाय आले आहे? २५-२६ जुलै २००५ च्या पावसात जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या चार गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो याच वेळचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या आतल्या माणसांसह नदीत पडल्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. २०२१ मध्ये महाड शहरात पूर आणि तळियेत दरड एकाच दिवशी आली. शिवाय सरळ रेषेत सुमारे ऐंशी किलोमीटरवर कोयना धरण आहे. तिथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला होता आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली होती.

पूर, दरड, वादळ आणि भूकंप यांची यादी करणे सोपे आहे. पण यादी म्हणजे मोजमाप नव्हे. यातले कशाला किती घाबरायचे, आणि मुख्य म्हणजे कोणत्या वाडीने कशाला घाबरायचे, हे ठरवायचे असते.

यादीत न दिसणारी आणखी एक गोष्ट तळियेने दाखवली. त्या दिवशी दरडीच्या ठिकाणी मदत लवकर पोचू शकली नाही, कारण खालचे रस्ते पुराच्या पाण्याखाली होते. पुराची आणि दरडीची जोखीम वेगवेगळी मोजून दोन कागदांवर लिहिली, तर ही गोष्ट दोन्ही कागदांतून निसटते. जोरदार पाऊस दोन्ही संकटे बरोबर आणतो.

धोका आणि जोखीम

रोजच्या बोलण्यात आपण धोका आणि जोखीम हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. या विषयात मात्र त्यांत फरक करावा लागतो.

धोका म्हणजे एखादी घटना घडण्याची शक्यता आणि तिचा जोर. माणूस फिरकत नाही अशा कड्यावरून दरड कोसळली तर धोका होता, पण जोखीम जवळजवळ काहीच नव्हती. जोखीम ठरवताना आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. घटनेच्या वाटेत काय आहे? आणि जे वाटेत आहे ते किती दुबळे आहे?

म्हणून जोखीम हा तीन गोष्टींचा गुणाकार मानतात :

जोखीम = घटनेची शक्यता × वाटेत असलेली माणसे × त्यांची दुर्बलता

दुर्बलता म्हणजे गरिबी एवढाच अर्थ घेऊ नये. घराच्या भिंती दगडमातीच्या आहेत की कशाच्या, घटना दिवसा घडते की माणसे झोपेत असताना, वाडीत म्हातारी माणसे आणि तान्ही मुले किती आहेत, बाहेर पडायला वाट आहे का, हे सगळे तिच्यात येते. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून डोंगर चढून जावे लागे. त्यामुळे खोदकामाची यंत्रे वर नेता आली नाहीत आणि ढिगारा हाताने उपसावा लागला. हीसुद्धा दुर्बलताच. याच वाडीतली काही मुले त्या रात्री बाहेरगावी निवासी आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. डोंगर तोच होता, फक्त ती मुले त्याच्या वाटेत नव्हती.

आता दोन काल्पनिक वाड्या घेऊन हा गुणाकार करून पाहू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतलेले आहेत.

पहिली वाडी ओढ्याकाठी आहे. वस्ती २००. सरासरी पाच वर्षांतून एकदा पाणी घरात शिरते, पण ते हळूहळू चढते, माणसे उठून वर जातात. पूर आला तर दर २००० माणसांत एक दगावतो असे धरू. मग वर्षाची जोखीम : १/५ × २०० × १/२००० = ०.०२ माणसे.

दुसरी वाडी डोंगराच्या उताराखाली आहे. वस्ती १५०. तिच्यावर दरड येण्याची शक्यता वर्षाला ३०० त एक. पण आली तर निम्मी माणसे जातील. जोखीम : १/३०० × १५० × १/२ = ०.२५ माणसे.

ओढ्याकाठची वाडी दर पाच वर्षांनी बातमीत येते, पंचनामे होतात, मदत मिळते. डोंगराखालच्या वाडीचे नाव कोणी ऐकलेले नसते. तरीही माणसांच्या जिवाचा विचार केला तर दुसरीची जोखीम पहिलीच्या बारा पटींहून जास्त आहे. (पिके, गुरे आणि संसार यांचे नुकसान मोजायला घेतले तर कदाचित उलटे चित्र दिसेल. आपण काय मोजतो आहोत, हे आधी ठरवले पाहिजे.)

आजोबांचे गणित

आता आजोबांकडे परत येऊ. त्यांच्या वाडीवर दरड येण्याची शक्यता वर्षाला ३०० त एक आहे असे समजू. म्हणजे एका वर्षी ती न येण्याची शक्यता २९९/३००. सलग ७५ वर्षे न येण्याची शक्यता काढायची तर हा अपूर्णांक स्वतःशी ७५ वेळा गुणायचा. गणकयंत्रावर करून पाहा, उत्तर ०.७८ च्या आसपास येते.

याचा अर्थ असा की अशा शंभर वाड्या घेतल्या, तर त्यांतल्या सुमारे ७८ वाड्यांतल्या आजोबांनी आयुष्यात एकदाही दरड पाहिलेली नसेल. "कधी झालं नाही" हे त्यांचे म्हणणे अगदी खरे असेल, आणि त्यावरून वाडी सुरक्षित आहे असे मुळीच सिद्ध होणार नाही. पंचाहत्तर वर्षांची आठवण तीनशे वर्षांच्या प्रश्नाला पुरी पडत नाही, एवढेच.

आता हेच गणित तालुक्याच्या बाजूने करू. तालुक्यात अशा शंभर वाड्या आहेत. एका वर्षी शंभरपैकी एकाही वाडीवर दरड न येण्याची शक्यता म्हणजे २९९/३०० हा अपूर्णांक स्वतःशी शंभर वेळा गुणून येणारी संख्या, सुमारे ०.७२. म्हणजे कुठल्या ना कुठल्या वाडीवर दरड येण्याची शक्यता वर्षाला सुमारे २८ टक्के. आणि दहा वर्षांत? ९६ टक्क्यांहून जास्त!

वाडीतून पाहिले तर "कधीच होत नाही", आणि तालुक्याच्या कचेरीतून पाहिले तर "दहा वर्षांत होणारच". दोन्ही वाक्ये एकाच आकड्यातून निघाली आहेत. फक्त कोणत्या वाडीत, हे तालुक्याला माहीत नाही, आणि आपण त्या शंभरांतले एक आहोत, हे वाडीला माहीत नाही.

प्रत्यक्षात एक फरक पडतो. वरचे गणित प्रत्येक वाडीची घटना स्वतंत्र मानते. पण पाऊस सगळ्या वाड्यांवर एकदम पडतो. म्हणून बरीच वर्षे काहीच होत नाही आणि मग २००५ सारखी चार गावे एका पावसात जातात. मदतीची तयारी करताना सरासरी आकड्यावर विसंबून चालत नाही, ते यामुळे.

तीनशे हा आकडा येतो कुठून?

चौकस विद्यार्थी इथे हात वर करील. एकदाही दरड न आलेल्या वाडीची शक्यता ३०० त एक, हे ठरवले कोणी?

एका डोंगराकडे तीनशे वर्षे पाहत बसणे शक्य नाही. म्हणून भूवैज्ञानिक काळाच्या जागी जागा घेतात. उंची, उतार, माती, खडक आणि पाऊस सारखा आहे अशा शेकडो उतारांचे जुने-नवे हवाई आणि उपग्रहीय फोटो ताडून पाहतात, आणि दरडींचे व्रण मोजतात. समजा, सारख्या ३०० उतारांवर ५० वर्षांत ५० दरडी दिसल्या. ३०० उतार गुणिले ५० वर्षे म्हणजे १५,००० 'उतार-वर्षे'. त्यांत ५० घटना, म्हणजे दर ३०० उतार-वर्षांत एक. आकडा आला तो असा.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, 'सारखे उतार' म्हणजे काय हे ठरवताना चूक होऊ शकते. दुसरी, उतार सारखे राहत नाहीत. रस्त्यासाठी पायथा कापला, घरासाठी उतार खणून सपाटी केली, ओढ्याचे पाणी दुसरीकडे वळवले, की त्या उताराचा जुना हिशेब संपला. पाऊस पडण्याची तऱ्हा बदलली तरी तेच. म्हणून हा आकडा अंदाज म्हणूनच वापरायचा असतो.

पाणी डोंगराला काय करते

सह्याद्री बेसाल्ट खडकाच्या थरांचा बनलेला आहे. वर्षानुवर्षे झिजून त्यावर माती आणि मुरूम साचतो. खालचा कातळ पक्का असतो, वरचा थर त्यावर नुसता बसलेला असतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते, घर्षण धरून ठेवते.

हे वर्गात दाखवता येते. कोरड्या वाळूचा ढीग केला तर त्याची बाजू सुमारे ३०-३५ अंशांपेक्षा जास्त उभी राहत नाही. त्यात थोडे पाणी घाला, वाळू चिकटते, किल्ला करता येतो. आणखी पाणी ओतत राहा, एका क्षणी सगळा किल्ला ओघळून जातो. थोडे पाणी कणांना बांधते, पण मधल्या सगळ्या पोकळ्या भरल्या की तेच पाणी कणांना एकमेकांपासून उचलायला लागते. विहिरीत बुडवलेली घागर हलकी लागते, तसे मातीचे कण पाण्यात हलके होतात आणि एकमेकांवर कमी दाबले जातात. दाब कमी झाला की घर्षणही कमी होते. खाली ओढणारे वजन मात्र कमी होत नाही, उलट पाण्यामुळे वाढते.

दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती येते, त्यांच्यासाठी आकडे देतो. चिकटपणा नसलेल्या कोरड्या मातीत धरणारे बल आणि ओढणारे बल यांचे गुणोत्तर म्हणजे मातीच्या घर्षणकोनाचा टॅन भागिले उताराच्या कोनाचा टॅन. घर्षणकोन ३४ अंश, उतार २५ अंश घेतला तर ०.६७ ÷ ०.४७ म्हणजे सुमारे १.४५. गुणोत्तर एकाहून जास्त, म्हणून उतार टिकतो. तोच थर पाण्याने पृष्ठभागापर्यंत भरला आणि पाणी उताराच्या दिशेने झिरपू लागले की हे गुणोत्तर जवळजवळ निम्मे होते, म्हणजे सुमारे ०.७. आता उतार टिकत नाही. खऱ्या मातीला चिकणमातीचा आणि झाडांच्या मुळांचा आधार असतो, म्हणून बहुतेक उतार वाचतात. पण मुळे थर जिथवर पातळ आहे तिथवरच उपयोगी पडतात. घसरण मुळांच्या खालून झाली तर झाडांसकट डोंगर खाली येतो.

२२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मि.मी. पाऊस मोजला गेला. एक मि.मी. पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. तेव्हा एका हेक्टरवर ५९ लाख ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे सहाशे टँकर. हे मुलांना फळ्यावर करायला द्यावे, पावसाच्या आकड्याला वजन येते.

किती पावसाला उठायचे?

पाण्यामुळे दरड येते, तर किती पाऊस झाला की वाडी रिकामी करायची? १९८० साली नेल केन या भूरूपशास्त्रज्ञाने जगभरच्या ७३ घटनांवरून याचे एक सूत्र बसवले. त्यानुसार चोवीस तासांत साधारण १०० मि.मी. पाऊस झाला की उथळ दरडींची शक्यता सुरू होते.

हा आकडा सह्याद्रीत वापरून पाहा. घाटमाथ्यावर शंभर मि.मी.चा दिवस पावसाळ्यात कितीतरी वेळा येतो. दर वेळी गाव उठवले तर लोक ऐकणे सोडून देतील. जास्त पावसाच्या प्रदेशातले उतार त्या पावसाला सरावलेले असतात, जे सहज सुटणारे होते ते कधीच सुटून गेलेले असते. म्हणून उंबरठा प्रत्येक प्रदेशाचा वेगळा असतो, आणि एका दिवसापेक्षा लागोपाठच्या दिवसांची बेरीज बरेचदा जास्त सांगते. इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मि.मी. पाऊस झाला होता.

असा स्थानिक उंबरठा ठरवायला स्थानिक नोंदी लागतात, आणि खरी उणीव तिथेच आहे. तालुक्याच्या गावी पर्जन्यमापक असतो, पण डोंगरात दहा किलोमीटरवर पाऊस दुप्पट असू शकतो. केरळातल्या वायनाड जिल्ह्यात कल्पेट्टा इथल्या ह्यूम सेंटर या संस्थेने शेतकरी आणि मळेवाले यांच्या मदतीने सुमारे दोनशे पर्जन्यमापकांचे जाळे उभारले आहे. ३० जुलै २०२४ च्या पहाटे तिथल्या मुंडक्कई आणि चूरलमला भागात दरड आली, तिच्या आदल्या दिवशी या नोंदींवरून धोक्याची सूचना देण्यात आली होती. तरीही अडीचशेहून अधिक माणसे गेली. माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. नोंद असणे, सूचना जाणे आणि माणसे प्रत्यक्ष हलणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

यादीत नसलेली वाडी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ पासून देशभरच्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. हे नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणाचे आहेत. जिल्ह्यात धोक्याच्या गावांच्या याद्याही असतात. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर विधानसभेत सांगण्यात आले.

यात आश्चर्य वाटण्याआधी प्रमाण पाहा. एकास पन्नास हजार म्हणजे नकाशावरचा एक सें.मी. जमिनीवर अर्धा किलोमीटर. शंभर-दीडशे मीटर पसरलेली वाडी त्यावर दोन-तीन मि.मी.चा ठिपका होते. वाडीच्या वरचा एखादा खोलगट भाग, जिथे माती आणि पाणी दोन्ही साचतात, त्यावर दिसेलच असे नाही. शिवाय धोका वाडीच्या पायाखालीच असतो असेही नाही. वाडी सौम्य उतारावर असते, दरड सुटते ती कितीतरी वरून, आणि ओढ्याच्या वाटेने वाडीपर्यंत येते.

हे नकाशे निरुपयोगी आहेत असे आम्हांला म्हणायचे नाही. कोणत्या भागात बारकाईने पाहायला हवे, हे ते सांगतात आणि त्यासाठीच ते आहेत. चूक होते ती नकाशा वाचताना. यादीत नाव आहे म्हणजे तिकडे पाहिले पाहिजे, हे बरोबर. यादीत नाव नाही म्हणजे सुरक्षित, हे मात्र चूक. त्याचा अर्थ कधीकधी इतकाच असतो की तिथवर अजून कोणी पोचलेले नाही.

शाळेला काय करता येईल

तालुक्याच्या नकाशावर वाडी दिसत नाही, आणि वाडीच्या आठवणीत दरड नाही. या दोहोंच्या मधे, वाडीच्या मापाची आणि तरीही वहीत नोंदी ठेवणारी कोणती संस्था आहे? बहुतेक ठिकाणी एकच असते, ती म्हणजे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. हा लेख शिक्षकांसाठी लिहिण्याचे कारण हेच.

शिक्षकांवर आधीच कामांचा ढीग आहे, याची आम्हांला कल्पना आहे. म्हणून शिकवता शिकवता होतील अशाच गोष्टी सुचवतो.

१) पाऊस मोजा. उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचे. रोजचा आकडा आणि तीन दिवसांची बेरीज फळ्यावर लिहायची. तीस सें.मी. उंचीचा डबा ३०० मि.मी.ला भरून वाहतो, आणि ज्या दिवसाची नोंद सगळ्यांत मोलाची, नेमकी तीच हुकते. जोराच्या पावसात दर तीन तासांनी मोजून डबा रिकामा करावा.

२) उन्हाळ्यात डोंगर पाहून या. पोलीस पाटील, गुराखी आणि मोठी मुले यांच्याबरोबर वाडीच्या वरच्या अंगाला जायचे. कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून उतार मोजायचा. भेगा, कललेली झाडे, मोठे सुटे धोंडे आणि पाण्याच्या वाटा एका हाताने काढलेल्या नकाशावर दाखवायच्या.

३) भेगेच्या दोन बाजूंना खुंट्या ठोका. त्यांतले अंतर दर आठवड्याला मोजायचे. अंतर वाढत असेल तर तारखांसह लिहून तलाठ्याला आणि तहसीलदार कचेरीला कळवायचे. "भेग पडली आहे" यापेक्षा "भेग तीन आठवड्यांत चार सें.मी. वाढली" याची दखल घेणे भाग पडते.

४) खुणा पाठ करून घ्या. जमिनीत नवी भेग, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, खांब किंवा झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होणे, नवीन ठिकाणी पाणी फुटणे. आणि भर पावसात वाहता ओढा अचानक आटला तर वर कुठेतरी तो अडला आहे असे समजून, काहीही बरोबर न घेता, ओढ्यापासून बाजूला व उंचावर जायचे.

५) घरांची यादी करा. कोणत्या घरात चालता न येणारे माणूस आहे, तान्हे मूल आहे, आणि त्यांना कोण आणणार, हे आधी ठरवायचे. गुरांचे काय करायचे हेही ठरवायचे, कारण म्हशीपायी माणसे परत जातात.

६) शाळाच सुरक्षित जागी आहे का, हे पाहा. "रात्री शाळेत झोपा" असे सांगणे सोपे असते. शाळा ओढ्याच्या तोंडावर किंवा कापलेल्या दरडीखाली असेल, तर सगळी वाडी एका ठिकाणी गोळा करून आपण जोखीम वाढवू. मग मंदिर, समाजमंदिर किंवा पलीकडची वाडी, यांपैकी कोणती जागा चांगली, ते पाहावे लागेल.

आपल्या काल्पनिक दुसऱ्या वाडीचा हिशेब इथे पुन्हा करू. डोंगर आपल्याला बदलता येत नाही, ३०० त एक ही शक्यता तशीच राहते. पण जोराच्या पावसाच्या रात्री लोक सुरक्षित जागी झोपले आणि त्यामुळे दरडीत सापडणारी माणसे एक दशांशावर आली, तर जोखीम ०.२५ वरून ०.०२५ होते. कुठलेही बांधकाम न करता ती पहिल्या वाडीच्या जवळपास आली. किंमत आहे ती पावसाळ्यातल्या काही त्रासाच्या रात्रींची.

ही किंमत लहान नाही. ओल्या शाळेत पोरेबाळे घेऊन झोपायचे, सकाळी घर जागेवर पाहायचे आणि शेजाऱ्यांचे हसणे ऐकायचे. असे तीनदा झाले की चौथ्यांदा कोणी येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे : "दहापैकी नऊ रात्री काही होणार नाही, कदाचित दहाही रात्री होणार नाही. तरी जायचे." सकाळी वाडी जागेवर दिसली म्हणजे सूचना खोटी ठरली, असे मुलांना वाटता कामा नये. वर्गात केलेले २९९/३०० चे गणित त्या वेळी उपयोगी पडेल.

आणि आजोबांना खोटे पाडायची काहीच गरज नाही. त्यांना शाळेत बोलवावे. ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कोणत्या साली किती पाणी आले, डोंगरावरची कोणती जागा ओलसर असते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. ते मुलांनी वहीत लिहून घ्यावे. त्यांची पंचाहत्तर वर्षे आणि शाळेच्या डब्यातले आकडे एका वहीत आले, तर तालुक्याला नकाशावर न दिसणारी वाडी निदान त्या वहीत तरी दिसेल. येत्या मे महिन्यात, सुट्टी लागण्यापूर्वी, एवढी एक वही सुरू करावी, ही आमची विनंती.